नोंदीची जबाबदारी: अमेरिकी महाविद्यालयांच्या क्रीडा माहिती विभागात काम सुरू करणाऱ्यांसाठी

अमेरिकेत शिकायला आलेल्या मराठी विद्यार्थ्यांना विद्यापीठाच्या आवारातली अर्धवेळ कामे म्हटले की ग्रंथालय, भोजनगृह आणि संगणक कक्ष एवढीच आठवतात. त्याच आवारातल्या क्रीडा विभागाला दर हंगामात आकडेवारी नोंदवायला, छायाचित्रे काढायला आणि वार्ताहरांची व्यवस्था पाहायला विद्यार्थी हवे असतात, हे फार थोड्यांच्या कानावर येते. मी पुण्याहून पदव्युत्तर शिक्षणासाठी आलो तेव्हा मलाही ते माहीत नव्हते. व्हॉलीबॉलच्या एका सामन्यात आकडे टिपणारा मुलगा आजारी पडला, म्हणून मला त्याच्या खुर्चीवर बसवण्यात आले आणि पुढची 26 वर्षे मी तीन वेगवेगळ्या महाविद्यालयांत हेच काम केले. या क्षेत्रात पाऊल टाकू पाहणाऱ्याने कोणत्या क्रमाने काय शिकावे, ते या लेखात सांगतो. या कामाला लोक प्रसिद्धीचे काम म्हणत असले, तरी त्याचा पाया नोंद हा आहे, आणि पुढे जे काही सांगणार आहे ते याच एका समजुतीवर उभे आहे.

आधी हे काम कुठून आले ते समजून घ्या

आपल्याकडे आंतरमहाविद्यालयीन सामना बहुधा खेळाडू, त्यांचे मित्र आणि एखादे क्रीडाशिक्षक यांच्यापुरता असतो. अमेरिकेत मात्र मिशिगन विद्यापीठाच्या फुटबॉल मैदानाची आसनक्षमताच 1 लाखाहून अधिक आहे. (इथे फुटबॉल म्हणजे चेंडू हातात घेऊन धावण्याचा आणि फेकण्याचा अमेरिकी खेळ; आपल्या फुटबॉलला इथे सॉकर म्हणतात.) महाविद्यालयीन खेळांचे नियमन करणारी एनसीएए ही संस्था 1906 पासून अस्तित्वात आहे, सुमारे 1100 महाविद्यालये तिची सदस्य आहेत आणि ती तीन विभागांत वाटलेली आहेत. पहिल्या विभागात दूरचित्रवाणीचा पैसा आणि शिष्यवृत्त्या आहेत; तिसऱ्या विभागात खेळासाठी शिष्यवृत्ती दिलीच जात नाही, तिथे मुले-मुली अभ्यास सांभाळून खेळतात. या प्रत्येक ठिकाणी सामन्याची अधिकृत आकडेवारी ठेवणारा, वार्ताहरांशी बोलणारा आणि खेळाडूंची माहिती जपणारा कोणीतरी असतो. त्याला पिढ्यान्‌पिढ्या ‘एसआयडी’, म्हणजे क्रीडा माहिती संचालक, असे म्हटले जाते. या लोकांची संघटना 1957 मध्ये स्थापन झाली. ‘कोसायडा’ हे तिचे जुने नाव 2022 मध्ये बदलले गेले आणि नव्या नावात ‘माहिती’च्या जागी ‘संवाद’ आला. माझ्या पिढीतले लोक अजून जुनेच नाव घेतात.

विद्यार्थी मदतनीसाने हे काम क्षुल्लक समजू नये यासाठी 1924 ची एक घटना सांगतो. त्या वर्षी 18 ऑक्टोबरला न्यू यॉर्कमध्ये नोत्र दाम विद्यापीठाच्या फुटबॉल संघाने आर्मीचा, म्हणजे लष्करी अकादमीच्या संघाचा, 13-7 असा पराभव केला आणि ग्रँटलंड राइस या वार्ताहराने नोत्र दामच्या मागच्या फळीतल्या चार खेळाडूंना ‘चार घोडेस्वार’ असे नाव दिले. संघाच्या प्रसिद्धीचे काम पाहणाऱ्या जॉर्ज स्ट्रिक्लर या विद्यार्थ्याने त्या चौघांना फुटबॉलच्या पोशाखात खऱ्या घोड्यांवर बसवून छायाचित्र काढून घेतले आणि ते वृत्तसंस्थांकडे पाठवले. शब्द वार्ताहराचे होते, पण आज शंभर वर्षांनंतरही जे चित्र लोकांच्या डोळ्यांसमोर येते ते एका विद्यार्थ्याच्या प्रसंगावधानामुळे.

पहिली पायरी: दार ठोठावणे

ऑगस्ट महिना सर्वांत चांगला, कारण फुटबॉल, सॉकर, व्हॉलीबॉल आणि क्रॉस-कंट्री हे शरद ऋतूतले खेळ तेव्हा एकदम सुरू होतात आणि विभागाला माणसे कमी पडतात. क्रीडा विभागाच्या संकेतस्थळावर कर्मचाऱ्यांची यादी असते. तिच्यातून क्रीडा माहितीचे काम पाहणाऱ्या व्यक्तीला चार ओळींचे पत्र लिहा आणि त्यात ‘कोणत्याही खेळाचे काम चालेल’ हे वाक्य नक्की घाला. फुटबॉलच मागणारे अर्ज ढिगाने येतात. बुधवारी संध्याकाळी सॉफ्टबॉलला बसायला तयार असलेली व्यक्ती मिळाली तर कार्यालयाला हायसे वाटते.

एफ-1 व्हिसावर सत्र चालू असताना आवारातले काम आठवड्याला 20 तासांपर्यंतच करता येते. सामने लांबतात आणि तास नकळत वाढतात, त्यामुळे हिशेब स्वतः ठेवा. आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयाला विचारल्याशिवाय आवाराबाहेरचे, अगदी विनामोबदला असलेले कामही स्वीकारू नका.

लहान महाविद्यालय की मोठे, असा प्रश्न मला नेहमी विचारला जातो. माझे मत स्पष्ट आहे: शिकायचे असेल तर लहान. मोठ्या विद्यापीठात एका खेळाला दोन-तीन माणसे असतात आणि नवख्याच्या वाट्याला छापील कागद वाटण्याचे काम येते. तिसऱ्या विभागातल्या महाविद्यालयात वीस खेळांना मिळून एक-दोन पूर्णवेळ माणसे असतात, त्यामुळे तिथे दुसऱ्याच आठवड्यात तुमच्या हातात संगणक येतो आणि चूक झाली तर ती निस्तरायलाही तुम्हीच असता.

दुसरी पायरी: गुणलेखन शिकणे

या टप्प्यावर सर्वांत जास्त वेळ द्या. लेखन, छायाचित्रण, चित्रफितींचे संपादन या गोष्टी नंतरही येतात. पण ज्याला सामन्याचा तक्ता, म्हणजे इथल्या भाषेत बॉक्स स्कोअर, बिनचूक ठेवता येत नाही त्याच्या कोणत्याच शब्दावर वार्ताहर भरवसा ठेवत नाहीत.

ज्यांनी आपल्याकडे मैदानाच्या कडेला बसून क्रिकेटची गुणवही लिहिली आहे त्यांची अर्धी वाट चालून झालेलीच असते. फलंदाजांच्या धावा आणि अवांतर यांची बेरीज गोलंदाजांच्या रकान्याशी जुळवून पाहण्याची जी सवय असते, तीच इथे लागते. बेसबॉलचा ताळा असा: संघाच्या फलंदाजांनी मिळून जितक्या वेळा फलंदाजीची पाळी घेतली ती एकूण संख्या ही त्या संघाच्या धावा, तळांवर अडकून राहिलेले खेळाडू आणि प्रतिस्पर्ध्यांनी बाद केलेले खेळाडू यांच्या बेरजेइतकी यायलाच हवी. बास्केटबॉलचा सामना 40 मिनिटांचा आणि खेळाडू पाच, म्हणून जादा वेळ झाला नसेल तर प्रत्येक संघाच्या मिनिटांची बेरीज 200 आली पाहिजे. व्हॉलीबॉलमध्ये दोघींनी मिळून केलेला ब्लॉक प्रत्येकीच्या नावावर चढतो, पण संघाच्या बेरजेत त्यातला प्रत्येक अर्धाच धरला जातो. ताळा जुळल्याखेरीज कागद खोलीबाहेर जाऊ देऊ नका, दारात कितीही माणसे उभी असली तरी.

बास्केटबॉलला एकटा माणूस आकडे ठेवू शकत नाही. एक जण डोळे मैदानावरून न हलवता मोठ्याने बोलतो, ‘23 चा तीनचा प्रयत्न, हुकला, पाहुण्यांच्या 11 चा रिबाउंड, 4 कडे पास, 4 ची बास्केट, असिस्ट 11’, आणि दुसरा पडद्याकडे पाहत ते टंकतो. (आकडे हे जर्सीवरचे क्रमांक; रिबाउंड म्हणजे हुकलेला चेंडू पकडणे, असिस्ट म्हणजे गुण मिळवून देणारा पास.) बोलणाऱ्याने मत द्यायचे नाही, फक्त घडलेले सांगायचे. टंकणाऱ्याने मान वर करायची नाही. ही जोडी जमायला साधारण दहा सामने लागतात. तोवर जुन्या सामन्यांच्या चित्रफिती लावून घरी सराव करा आणि आपला तक्ता प्रसिद्ध झालेल्या तक्त्याशी ताडून पाहा.

प्रत्येक खेळाची एनसीएएची आकडेवारी-पुस्तिका असते आणि ती वाचणे सक्तीचे समजा, कारण दूरचित्रवाणीवर व्यावसायिक खेळ पाहून झालेली समजूत इथे फसवते. उदाहरणार्थ, क्वार्टरबॅकला, म्हणजे चेंडू फेकणाऱ्या मुख्य खेळाडूला, चेंडू फेकण्यापूर्वीच मागे पाडले तर गमावलेले यार्ड एनएफएल या व्यावसायिक साखळीत संघाच्या पासिंगमधून, म्हणजे फेकीच्या यार्डांतून, वजा होतात, पण महाविद्यालयीन फुटबॉलमध्ये ते धावण्याच्या यार्डांतून वजा होतात. नवखा माणूस पहिल्याच शनिवारी इथे घसरतो.

माझी स्वतःची घसरण महिलांच्या सॉकरमध्ये झाली. पावसात चिखलाने माखलेल्या जर्सीवरचा 12 हा आकडा मी 21 वाचला आणि विजयी गोलाचा असिस्ट भलत्याच मुलीच्या नावावर गेला. रात्री तसेच प्रसिद्धीपत्रक गेले आणि तिच्या गावच्या वर्तमानपत्राने ते छापले. दोन दिवसांनी 12 क्रमांकाच्या मुलीच्या वडिलांचा दूरध्वनी आला. ते रागावले नाहीत, त्यांनी फक्त एवढेच सांगितले की तिचा चार वर्षांतला तो पहिलाच असिस्ट होता. मी चित्रफीत पाहिली, नोंद दुरुस्त केली, परिषदेला (आपसांत खेळणाऱ्या महाविद्यालयांच्या गटाला) आणि वर्तमानपत्राला दुरुस्ती पाठवली आणि तेव्हापासून पावसाच्या सामन्यात दुर्बीण घेतल्याशिवाय बसलो नाही. चूक कळल्यावर ती त्याच दिवशी, आपल्या नावानिशी दुरुस्त करावी.

याच्या उलट प्रसंगही येतो. एका प्रशिक्षकांनी एकदा सामन्यानंतर येऊन मला विचारले होते की त्यांच्या खेळाडूचे 9 रिबाउंड आहेत, ते 10 करता येतील का, म्हणजे गुण आणि रिबाउंड दोन्ही दोन आकडी होतील. मी त्यांच्यासोबत बसून सामन्याची चित्रफीत तीनदा पाहिली आणि रिबाउंड 9 च राहिले. अशा वेळी नकार देण्याआधी पुन्हा पाहण्याची तयारी दाखवा. यजमान संघाच्या बाजूने झुकलेला तक्ता बाहेरच्या वार्ताहरांना दोन-तीन सामन्यांतच ओळखू येतो.

तिसरी पायरी: सामन्यापूर्वीची टिपणे आणि विक्रमांचा उंबरठा

सामन्याच्या आदल्या दिवशी वार्ताहर, समालोचक आणि पाहुणा संघ यांना टिपणे पाठवली जातात. त्यांत दोन्ही संघांची अलीकडची कामगिरी, आपसातल्या सामन्यांचा इतिहास, खेळाडूंची यादी आणि कोणता खेळाडू कोणत्या विक्रमाजवळ आला आहे याची नोंद असते. शेवटची बाब सर्वांत मोलाची आहे. 1948 च्या डिसेंबरमध्ये पुण्यात काठियावाडविरुद्ध महाराष्ट्राचे भाऊसाहेब निंबाळकर नाबाद 443 वर होते, ब्रॅडमन यांचा नाबाद 452 चा विश्वविक्रम केवळ 9 धावांवर होता, आणि उपाहाराच्या वेळी प्रतिस्पर्धी संघाने सामना सोडून दिला. टिपण हातात असते तर निकाल बदलला असता असे मी म्हणणार नाही. पण उंबरठ्यावर आलेला विक्रम मैदानावरच्या प्रत्येकाला आधी ठाऊक असला पाहिजे, ही गोष्ट मला या सामन्यामुळे नेहमी आठवते.

विक्रम लिहिताना तो कोणत्या नियमांखाली झाला तेही लिहा. ओक्लाहोमा स्टेटच्या बॅरी सँडर्स यांनी 1988 मध्ये फुटबॉलमधला एका हंगामाचा विक्रम करताना 11 सामन्यांत 2,628 यार्ड धाव घेतली. हंगामाअखेरच्या बाउल सामन्यातले त्यांचे 222 यार्ड त्यात नाहीत, कारण बाउल सामन्यांचे आकडे वर्षाच्या बेरजेत धरण्याची पद्धत 2002 पासून सुरू झाली. 2024 मध्ये बॉइझी स्टेटचे ॲश्टन जेंटी 14 सामन्यांत 2,601 पर्यंत पोहोचले. त्या आठवड्यांत ज्याच्या टिपणात हा खुलासा नव्हता त्याच्या वाचकाला अर्धीच गोष्ट कळली.

याहून बोलके उदाहरण केटलिन क्लार्क यांचे आहे. आयोवा विद्यापीठाच्या या बास्केटबॉल खेळाडूने 15 फेब्रुवारी 2024 रोजी केल्सी प्लम यांचा कारकिर्दीतल्या 3,527 गुणांचा विक्रम मोडला आणि तो एनसीएएचा महिला विक्रम म्हणून जाहीर झाला. परंतु सत्तरच्या दशकात महिलांच्या स्पर्धा एनसीएए भरवतच नव्हती. त्या एआयएडब्ल्यू नावाच्या वेगळ्या संघटनेकडे होत्या आणि एनसीएएने पहिल्या विभागातल्या महिलांच्या अजिंक्यपद स्पर्धा 1981-82 मध्ये सुरू केल्या. कॅन्ससच्या लिनेट वुडर्ड यांचे 3,649 गुण त्या जुन्या काळातले असल्यामुळे एनसीएएच्या यादीत नव्हते. क्लार्क यांनी तोही टप्पा त्याच महिन्याच्या अखेरीस ओलांडला आणि 3 मार्चला पुरुषांच्या गटातले पीट मॅराविच यांचे 3,667 गुण मागे टाकले. मॅराविच यांनी ते गुण तीन-गुणी रेषा नसताना, केवळ तीन हंगामांत आणि 83 सामन्यांत मिळवले होते, कारण त्या काळी पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याला मुख्य संघातून खेळता येत नसे. लहान महाविद्यालयांच्या गटात पर्ल मूर यांचे 4,061 गुण क्लार्क यांच्या अंतिम 3,951 हूनही अधिक आहेत. ही सगळी नावे एका परिच्छेदात मांडल्याने क्लार्क यांचे यश कमी होत नाही. न मांडल्याने मात्र वुडर्ड आणि मूर पुसल्या जातात, आणि ते पुसणे आपल्या हातून घडता कामा नये.

नावांचे उच्चार

यासाठी वेगळी पायरी न करण्याचे कारण हे की मराठी माणसाला त्याचे महत्त्व सांगावे लागत नाही. ज्याचे नाव इथल्या प्रत्येक वर्गात अडखळत उच्चारले गेले आहे, त्याने खेळाडूंच्या यादीपुढचा उच्चारांचा रकाना कधीही रिकामा ठेवू नये. हंगामाच्या पहिल्या दिवशी प्रत्येक खेळाडूला स्वतःचे नाव ध्वनिमुद्रित करायला सांगा, ते घरी जसे म्हणतात तसे, आणि मैदानावरच्या निवेदकाला ते ऐकवा. केवळ लिहून दिलेला उच्चार पुरत नाही.

नोत्र दामचे माहिती संचालक रॉजर व्हाल्डिसेरी यांनी 1970 मध्ये जो थीझमन या क्वार्टरबॅकचे आडनाव महाविद्यालयीन फुटबॉलमधल्या सर्वोत्तम खेळाडूच्या हाइझमन पुरस्काराशी यमक जुळावे म्हणून ‘थाइझमन’ असे उच्चारायला लावले, ही या क्षेत्रातली प्रसिद्ध हकिकत आहे. त्या वर्षी पुरस्कार स्टॅनफर्डच्या जिम प्लंकेट यांना मिळाला आणि थाइझमन दुसरे आले, पण नवा उच्चार कायम राहिला. खेळाडूने ते मनापासून स्वीकारले होते, तरी मी माझ्या कोणत्याही मदतनीसाला तसे करू दिले नसते.

चौथी पायरी: सामन्याचा दिवस

फुटबॉलच्या दिवशी सामन्याच्या चार-पाच तास आधी पोहोचा. वार्ताहरांचे ओळखपत्र, बसण्याची जागा, इंटरनेट, वीज आणि छायाचित्रकारांच्या उभे राहण्याच्या सीमा या गोष्टी आधी स्वतः तपासा. कालपर्यंत चालणारे इंटरनेट आज बंद असते, असा माझा अनुभव आहे. प्रेस बॉक्समध्ये, म्हणजे वार्ताहरांच्या कक्षात, टाळ्या वाजवायच्या नसतात आणि जल्लोष करायचा नसतो. तुम्ही त्याच महाविद्यालयाचे विद्यार्थी असलात तरी हा नियम तुम्हाला आधी लागू होतो. पहिल्या दिवशी ते जड जाते.

सामना संपल्यावर साधारण दहा मिनिटांचा शांत वेळ संघाला मिळतो आणि मग प्रशिक्षक व एक-दोन खेळाडू वार्ताहरांसमोर येतात. त्या दहा मिनिटांत तक्त्याचा ताळा पाहून तो प्रशिक्षकांच्या हाती द्या आणि पहिला प्रश्न बहुधा कोणता असेल हे त्यांना सांगून ठेवा. ‘चौथ्या डाउनला (चेंडू पुढे नेण्याच्या चौथ्या, शेवटच्या प्रयत्नाला) किक न मारता पुढे का गेलात, हे विचारतील’ एवढे ऐकलेले असले तर चिडलेला प्रशिक्षकही सावरून बोलतो. खेळाडूंच्या बाबतीत मात्र उत्तरे पाठ करून घेऊ नका. अठरा-एकोणीस वर्षांच्या मुलाला त्याच्या शब्दांत बोलू द्या, त्याला आधी दोन-तीन प्रश्न विचारून मोकळे करा आणि ज्याने निर्णायक पेनल्टी हुकवली आहे त्याला ‘आज बोलायचे नसेल तर चालेल’ हे तुम्ही स्वतःहून सांगा. वार्ताहर थोडे नाराज होतील. त्यांना तुम्ही सामोरे जा.

रात्री वृत्तांत लिहायचा, अवतरणे टंकायची, आकड्यांची फाइल परिषदेकडे आणि एनसीएएकडे पाठवायची, छायाचित्रे निवडायची आणि आठवड्याच्या सर्वोत्तम खेळाडूसाठी शिफारस तयार करायची. शिफारशीची मुदत बहुतेक परिषदांत रविवारी किंवा सोमवारी असते आणि ती चुकली तर पात्र खेळाडूचा सन्मान केवळ आपल्या आळसामुळे जातो. गोल्फ, जलतरण, क्रॉस-कंट्री या खेळांची शिफारस सर्वांत आधी लिहा, कारण त्यांच्याकडे एकही वार्ताहर फिरकत नाही आणि आपण लिहिले नाही तर कोणीच लिहीत नाही. अभ्यास आणि खेळ या दोन्हींत चमकणाऱ्यांसाठीचा अकॅडेमिक ऑल-अमेरिका सन्मान 1952 पासून दिला जातो. त्याचे अर्ज भरण्याचे कामही आपलेच आहे.

समाजमाध्यमांवरचे चित्र, छोटी चित्रफीत, थेट धावते वर्णन हे सगळे आता याच कार्यालयातून होते. त्याची साधने दर दोन वर्षांनी बदलतात, ती तुम्ही माझ्याहून लवकर शिकाल. जुलै 2021 पासून खेळाडूंना स्वतःच्या नावाचा आणि प्रतिमेचा मोबदला घेता येऊ लागला आहे, त्यामुळे एखाद्या खेळाडूचे चित्र कुठे वापरता येईल आणि कुठे नाही हे क्रीडा विभागाच्या नियमपालन अधिकाऱ्याला विचारूनच ठरवा.

पाचवी पायरी: काय सांगायचे नाही

1974 च्या फर्पा कायद्यानुसार विद्यार्थ्याच्या शैक्षणिक नोंदी त्याच्या संमतीशिवाय उघड करता येत नाहीत, आणि वैद्यकीय माहितीबाबतही महाविद्यालये लेखी संमती घेतात. म्हणून ‘तो गुणांमुळे अपात्र ठरला का’ किंवा ‘तिच्या गुडघ्याला नेमके काय झाले’ या प्रश्नांची उत्तरे तुम्हाला ठाऊक असली तरी ती देण्याचा अधिकार तुमचा नाही. वार्ताहराला ‘मला माहीत नाही’ असे खोटे सांगू नका. ‘हे मी सांगू शकत नाही’ असे सांगा. पहिल्या वाक्याने विश्वास कायमचा जातो, दुसऱ्या वाक्याची वार्ताहरांना सवय असते.

2018 च्या मे महिन्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने खेळांवरच्या सट्ट्याला राज्यांत बंदी घालणारा केंद्रीय कायदा रद्द ठरवला आणि तेव्हापासून दुखापतीच्या माहितीला बाजारभाव आला. बिग टेन परिषदेने 2023 पासून फुटबॉल सामन्यांपूर्वी खेळाडूंच्या उपलब्धतेचा अहवाल अधिकृतपणे जाहीर करायला सुरुवात केली, त्याचे एक कारण हेच होते. तुम्ही विद्यार्थी मदतनीस असलात तरी एनसीएएचे नियम तुम्हाला बांधतात: महाविद्यालयीन खेळांवर पैज लावायची नाही आणि पैज लावणाऱ्याला आतली माहिती द्यायची नाही. हे मी विशेषतः आपल्या मुलांना सांगतो, कारण पुण्या-मुंबईच्या मित्रांच्या व्हॉट्सॲप गटावर ‘आज आमचा मुख्य खेळाडू खेळणार नाही’ असे सहज लिहिले जाते आणि तो गट किती हातांतून पुढे जातो हे लिहिणाऱ्याला ठाऊक नसते.

सहावी पायरी: वाईट दिवसाची तयारी

14 नोव्हेंबर 1970 रोजी मार्शल विद्यापीठाच्या फुटबॉल संघाला घेऊन येणारे विमान वेस्ट व्हर्जिनियात कोसळले आणि त्यातले सर्वच्या सर्व 75 जण मृत्युमुखी पडले. विद्यापीठाचे क्रीडा माहिती संचालक जीन मोरहाउस त्याच विमानात होते. ज्याच्याकडे प्रवाशांची यादी, घरच्यांचे क्रमांक आणि वार्ताहरांचे दूरध्वनी असायचे तोच माणूस त्या रात्री नव्हता.

म्हणून प्रत्येक दौऱ्यापूर्वी प्रवास करणाऱ्यांची अचूक यादी कार्यालयात मागे राहणाऱ्या एका व्यक्तीकडे आणि विद्यापीठाच्या मुख्य जनसंपर्क कार्यालयाकडे द्या, आणि शेवटच्या क्षणी कोणी बसमधून उतरले तर ती यादी बदला. अपघात, मृत्यू, अटक किंवा गैरवर्तनाचा आरोप अशा प्रसंगी पहिले पाऊल मुख्य कार्यालयाला कळवण्याचे. विद्यार्थी मदतनीसाने माध्यमांना एक शब्दही सांगू नये आणि विभागाच्या खात्यावर आधीच ठरवून ठेवलेल्या विनोदी, जल्लोषाच्या पोस्ट तातडीने थांबवाव्यात. कुटुंबाला कळण्यापूर्वी नाव बाहेर जाता कामा नये, यासाठी बातमीत दुसरे यायला लागले तरी हरकत नाही.

टिकून राहण्याविषयी

ऑगस्ट ते मे जवळपास प्रत्येक शनिवार-रविवार कामात जातो, पगार बेताचा असतो आणि पाच-सात वर्षांत बरीच चांगली माणसे हे क्षेत्र सोडतात. गणपती शरद ऋतूतल्या हंगामाच्या सुरुवातीला येतात आणि दिवाळी फुटबॉलच्या ऐन भरात. 26 वर्षांत मी पाच गणपती घरी पाहिले. आई असेपर्यंत दर वर्षी विचारायची, आणि मी दर वर्षी पुढच्या वर्षाचे सांगायचो. नव्या माणसाने हे माझ्यासारखे करू नये असे मला मनापासून वाटते. नोकरी स्वीकारतानाच कोणत्या खेळाला पूर्ण वृत्तांत, कोणत्या खेळाला फक्त निकाल, आणि वर्षातले कोणते दोन आठवडे तुमचे, हे वरिष्ठांशी लेखी ठरवून घ्या. एका रविवारचा वृत्तांत सोमवारी सकाळी गेला तर जग थांबत नाही, हे मला पंधराव्या वर्षी उमगले.

वार्ताहरांशी नाते जपण्याचा माझा एकच मार्ग होता: आलेला प्रत्येक दूरध्वनी त्याच दिवशी परत करणे, मग तो राष्ट्रीय वाहिनीचा असो की शाळेच्या वार्तापत्रासाठी लिहिणाऱ्या मुलीचा. तिच्यासारख्यांपैकी काही जण दहा वर्षांनी मोठ्या वर्तमानपत्रांतून परत भेटले.

उन्हाळ्यातले काम

जून-जुलैमध्ये मैदाने रिकामी असतात, तेव्हा महाविद्यालयाचे विक्रमपुस्तक उघडा. व्हॉलीबॉलचे आकडे काळानुसार वेगळे ठेवा, कारण 2001 मध्ये गुणपद्धती बदलली आणि 2008 मध्ये सेट 30 ऐवजी 25 गुणांचा झाला, त्यामुळे दर सेटमागची कामगिरी सरळ तोलता येत नाही. बास्केटबॉलमध्ये तीन-गुणी रेषा पुरुषांसाठी 1986-87 ला आणि महिलांसाठी 1987-88 ला आली, तेही नोंदवा. मग जुने कागद शोधा. शिक्षणसंस्थांत लिंगभेदाला बंदी घालणाऱ्या 1972 च्या टायटल नाइन कायद्यानंतर महिलांचे संघ वाढले, पण कित्येक महाविद्यालयांत पुढची अनेक वर्षे त्यांचे सामने नोंदवायला माणूसच नेमलेला नव्हता. त्या गुणवह्या प्रशिक्षिकांनी स्वतः लिहिल्या आणि निवृत्त होताना घरी नेल्या. मी एका निवृत्त प्रशिक्षिकेच्या तळघरातून अशा 11 वह्या आणल्या, दोन उन्हाळे त्यांतल्या पेन्सिलीच्या पुसट खुणा वाचत बसलो, आणि 1976 च्या संघातल्या एका खेळाडूचे नाव आमच्या रिबाउंडच्या यादीत तिसऱ्या क्रमांकावर आले. तोवर ते यादीत नव्हतेच.

तुमच्या महाविद्यालयातही अशा वह्या कुठेतरी असतील. माजी खेळाडूंच्या यादीतून त्या काळच्या प्रशिक्षिकांना आणि कर्णधारांना पत्र लिहा, वही मिळाली की प्रत्येक पान स्कॅन करून मूळ प्रत विद्यापीठाच्या अभिलेखागारात द्या, आणि प्रत्येक आकड्यापुढे तो कोणत्या वहीतून, कोणत्या पानावरून घेतला ते लिहून ठेवा, म्हणजे तुमच्या खुर्चीवर पुढे जो बसेल त्याला तो तपासून पाहता येईल.